सागवानी रेतोबा, दांडिया बाजार, बडोदा

नातवाने वहीत काढलेला रेतोबा, म्हणजे त्याच्या मनातला वाळवंटी खवलेवाला प्राणी, दांडिया बाजाराजवळच्या सुतारकाकांनी सागवानात घडवून दिला. साडेतीनशे रुपये, आठ दिवस. शेपटीचे काटे त्यांनी कच्छातल्या सांड्यावरून, म्हणजे काटेरी शेपटीच्या एका सरड्यावरून घेतले. सांडा पाला खातो, बिळात शिरला की बिळाचं तोंड मातीने बुजवतो. म्हणून रेतोबाही तसाच वागतो, असं नातवाने ठरवलंय. ऑस्ट्रेलियातल्या काटेरी सरड्याच्या खवल्यांमधल्या बारीक चरांतून पाणी आपसूक तोंडापर्यंत पोचतं, हे त्याने सांगितलं आणि काकांनी पटाशीने तसे चरही कोरले! किती जीव लावून केलंय! पोटाखालची कड खरखरीत होती, ती मी पॉलिश पेपरने घासली. रंग मुळीच लावून घेऊ नका, सागाचा रंग वाळूसारखाच दिसतो.