पेटी की कुपी? गोव्यात कीटकांचा संग्रह ठेवताना

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी असो की निव्वळ आवडीपोटी, गोव्यात कीटक जमवणाऱ्यापुढे पहिल्याच पावसात प्रश्न येतो: नमुने पिनेवर सुकवून पेटीत ठेवावेत की कुपीत, अल्कोहोलमध्ये? मी दोन्ही करून पाहिलं आहे.

दिसायला आणि हाताळायला सुकवलेला नमुना सरसच. काजूच्या भाटात सापडणारा खोडकिड्याचा लांब मिशांचा तांबूस भुंगेरा घ्या. उजव्या पंखकवचातून पिन घातली की भिंगाखाली तो हवा तसा फिरवता येतो. फुलपाखरं आणि पतंग तर पेटीतच हवेत, अल्कोहोलमध्ये त्यांचे खवले सुटतात. चतुरांचे रंग सुकताना उडतात, पण रात्रभर अॅसिटोनमध्ये बुडवून मग सुकवले तर बरेचसे टिकतात. पुढे जीवाश्मांकडे वळायचं असेल तर पेटीची बाजू आणखी जड होते. खडकात अनेकदा कीटकाचा नुसता पंखच उरलेला असतो आणि त्याच्या शिरांवरूनच ओळख पटवावी लागते. ती नजर पसरून सुकवलेल्या पंखांवरच तयार होते.

एवढं सगळं मान्य करूनही माझं मत फिरलं, ते बुरशीमुळे. जून लागला की हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि चवथीपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. पेटी कितीही घट्ट असो, एकदा झाकण उघडलं की ओल आत शिरलीच. डांबरगोळ्या किडीला लांब ठेवतात, बुरशीला नाही. सिलिका जेल बघता बघता दमतं. माझ्या पेटीत ही बुरशी आधी मिशांवर आणि पायांच्या सांध्यांवर धरायची, पांढरी, कापसाच्या तंतूसारखी. कुंचल्याने हलकेच काढायला जावं तर मिशीची शेवटची पेरं तिच्याबरोबर तुटून यायची. मुंग्या ओळखताना तर ही पेरं मोजावीच लागतात. आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या हुमल्यांमधल्या कामकरी मुंगीला ती १२ असतात. पेरं गळालेला नमुना ठेवून करायचं काय?

कुपीतल्या नमुन्याला हे भय नाही. वाळवी, अळ्या, कोळी असे मऊ अंगाचे जीव सुकवले की आकसून जातात, त्यांना कुपीच हवी. नुसती ओळख पटवायची तर ७० टक्के अल्कोहोल पुरतं, डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के आणि फ्रीज. तीव्र अल्कोहोलमध्ये अंग ठिसूळ होतं, रंगही उतरतात, हे खरं. एप्रिल-मेच्या उकाड्यात पातळी खाली जाते, म्हणून लहान कुप्या अल्कोहोल भरलेल्या मोठ्या बरणीत ठेवाव्यात. ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी कुपीच्या आत घालावी आणि ती पेन्सिलीने लिहावी, बॉलपेनची शाई विरघळते. शुद्ध अल्कोहोल अबकारी नियमांखाली येतं, तेव्हा ते कॉलेजच्या प्रयोगशाळेमार्फत मिळवणं सोपं.

हवेपासून आणि बुरशीपासून तोडलं तर नाजूक अंग किती टिकू शकतं, ते पाहायचं तर गुजरातकडे बघा. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतल्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेत, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे कीटक सापडले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७०० हून अधिक संधिपादांची (कीटक, कोळी अशा सांधेदार पायांच्या जीवांची) नोंद होती. हे अंबर सेंद्रिय द्रावकात विरघळतं, त्यामुळे त्यातले कीटक अख्खे बाहेर काढता येतात! आपल्याकडच्या जांभ्यात असं काही मिळेल ही आशा मात्र ठेवू नये.

तुमचा ओढा फक्त फुलपाखरांकडे असेल तर पेटीच घ्या. पिना स्टेनलेस स्टीलच्या आणा, साध्या पिनांना इथे गंज धरतो. पावसात कपाटात छोटा बल्ब पेटता ठेवा. मोले किंवा खोतीगावच्या जंगलात जाळी घेऊन शिरण्याआधी वनखात्याची परवानगी काढा, पेटी असो की कुपी, ती लागतेच.

बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, पहिले पैसे कुप्यांवर घालावेत. आट्याच्या झाकणाच्या आत चकती नीट बसलेली आहे ना, एवढं दुकानातच उघडून पाहा.