फ्रीकसी: टॉवरच्या पाण्याचा हिशेब

डेअरीच्या अमोनिया प्लांटवर मी पाणी सांभाळते. कंडेन्सरच्या नळ्यांवर पांढरा थर चढला की हेड प्रेशर (कॉम्प्रेसरपुढचा दाब) वाढतं आणि कॉम्प्रेसर वीज खायला लागतो. पाणी थर बसवेल की नाही, हे इतकी वर्षं लँगेलिअरच्या १९३६ च्या सूत्रावर भागवलं. बोअरच्या पाण्याला ते पुरतं. पण कूलिंग टॉवरमध्ये तेच पाणी चौपट आटतं, म्हणजे क्षार चौपट दाट होतात, ते हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि त्याचा सामू चढतो. एवढं सगळं एकत्र हातानं मांडता येत नाही.

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचं फ्रीकसी (PHREEQC) हे सॉफ्टवेअर हे काम करतं, तेही मोफत. पार्कहर्स्ट आणि अपेलो यांनी ते लिहिलंय. बटणं नाहीत, सूचना टाइप कराव्या लागतात. पहिला आठवडा माझा त्रासातच गेला. किलोभर पाण्यात ५५.५ मोल असतात. चौपट आटवायचं तर त्यातले ४१.६ मोल काढून टाका म्हणून सांगायचं, बस्स.

आमचा कॅल्शियम कठीणपणा लिटरला २२० मिलिग्रॅम, क्षारता ३१०, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. रोजचा मेकअप, म्हणजे टॉवरमध्ये भरायचं नवं पाणी, २० घनमीटर. उत्तर आलं: दिवसाला जवळपास ४ किलो चुना बसू शकतो! आकडा वाचून मी थेट टॉवरच्या टाकीवर जाऊन उभी राहिले.

एक सावधगिरी कळकळीनं सांगते. लॅबच्या रिपोर्टात कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेट म्हणून येतो. मी तोच आकडा नुसत्या कॅल्शियमच्या रकान्यात भरला, कॅल्शियम अडीचपट झालं आणि इंडेक्स (थर बसण्याचा कल दाखवणारा आकडा) ०.४ नं फुगला. ‘अ‍ॅज’ लिहून एकक सांगायला विसरू नका.

खरी किंमत कळली ती ॲसिड ठरवताना. सगळी क्षारता गंधकाम्लानं मारायची तर रोज ६ किलो लागतं, पण सल्फेट इतकं वाढतं की पोलाद गंजणार. आटवणं अडीचपटीवर आणलं तर मेकअप २५ घनमीटर, म्हणजे रोज अर्धा टँकर जास्त, आणि एप्रिलमध्ये तो मिळत नाही. शेवटी तिप्पट आटवणं, निम्मं ॲसिड आणि फॉस्फोनेट (थर बसू न देणारं रसायन) असा मेळ बसवला.

फॉस्फोनेट चुन्याला किती अडवेल, हे मात्र फ्रीकसी सांगत नाही. गंजण्याचा वेगही नाही. क्लोराईड-सल्फेटचं क्षारतेशी गुणोत्तर मी वेगळं काढते आणि पोलादाची पट्टी रॅकमध्ये टांगून महिन्याला वजन करते. ज्यांना हे सगळं एका पडद्यावर हवंय त्यांनी विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं. आमच्यासारख्या छोट्या प्लांटनं आधी हे शिकावं.

चार महिन्यांनी कंडेन्सर उघडला तेव्हा नळ्यांवर बोटानं पुसला जाईल एवढाच थर होता.