मासे ओवायला काय घ्यावं: लूप, पिन की साखळी?

स्ट्रिंगर म्हणजे पकडलेले मासे ओवून ठेवायचं साधन. हाताने बनवलेले धातूचे स्ट्रिंगर साधारण तीन प्रकारचे असतात. सळई वाकवून केलेला, अडकवून बंद होणारा लूप. वायर रोपला, म्हणजे तारांच्या केबलला, लावलेली टोकदार पिन. आणि साखळीवर ओळीने बसवलेल्या क्लिपा. फोटोत तिन्ही सारखेच चकचकीत दिसतात, म्हणून निवड फोटोवरून करू नका. ओवलेला मासा जिवंत ठेवायचाय की नाही, हे आधी ठरवा.

गळाने मासे धरणाऱ्याला तो बहुधा जिवंत हवा असतो. त्याने साखळी घ्यावी. प्रत्येक माशाला आपली क्लिप मिळते आणि ती खालच्या ओठातून घालता येते. कल्ल्यांतून ओवलात तर मासा रक्त जाऊन लवकर मरतो, आणि मेलेला मासा कोमट पाण्यात लटकत ठेवणं म्हणजे हाताने नासवणं. साखळीची खोट क्लिपेत असते. तार बारीक असेल तर मोठा मासा दोन झटक्यांत ती उघडतो. घेण्याआधी क्लिप बोटांनी ताणून बघा. सहज वाकली तर परत ठेवा.

भाला घेऊन पाण्याखाली जाणाऱ्यासाठी मात्र हीच साखळी डोकेदुखी. ती खडखडते, पोहताना ओढ लावते, खडकांत अडकते. मासा तसाही मारलेलाच असतो, त्यामुळे खरी लढत लूप आणि पिन यांच्यात आहे.

लूप सुटसुटीत. सांधे कमी, बिघडायला फारसं काही नाही. पण दर माशाला तो उघडून पुन्हा बंद करावा लागतो. हातमोजे घातलेल्या, गारठलेल्या बोटांना ते जड जातं, आणि अडकवण अर्धवट राहिली तर आधीचे मासेही निसटतात. पिनेला उघडझाप नाही. डोळ्यांच्या खोबणीतून किंवा कल्ल्यातून तोंडाकडे टोक आरपार काढायचं, मासा केबलवर सरकवायचा. मधोमध बांधलेली पिन आडवी झाली की तोच अडसर. तडफडणाऱ्या माशाच्या मेंदूत टोचून त्याला झटकन मारायलाही हेच टोक चालतं. माझं मत पिनेच्या बाजूने, एका अटीवर: टोकाला टोपण हवं. उघडी पिन कमरेला लावून फिरणं मला तरी पटत नाही. शार्कचा वावर असेल तिथे तर कुठलाच स्ट्रिंगर कमरेला नको. लांब दोराने मागे ओढायच्या फ्लोटला लावा.

धातूच्या बाबतीत विक्रेता ‘स्टेनलेस’ म्हणाला की थांबू नका, ग्रेड विचारा. गोड्या पाण्यात 304 पुरतं. समुद्रासाठी 316 बघा; त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडून गंजणं बरंच कमी होतं. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही. दोन्ही मूळचे जवळजवळ अचुंबकीय, आणि थंड वाकवलेलं 304 वाकलेल्या जागी थोडं चिकटूही शकतं.

केबलवाल्या पिनेत तर जोड आधी तपासा. स्टीलच्या वायर रोपवर ॲल्युमिनियमची दाबनळी (केबलचं टोक पकडून ठेवणारी, दाबून बसवलेली छोटी नळी) ठोकलेली असेल तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि एक दिवस सगळे मासे तळाशी. प्लास्टिकचं आवरण असलेली केबल हाताला मऊ लागते, पण आवरणाखाली मीठ साठून तारा आतल्या आत गंजतात. तुटलेली एखादी तार बाहेर आली की बोट चिरतेच. वेल्डिंग असेल तर सांध्याभोवतीचा निळा-तपकिरी डाग साफ केलाय का बघा. तो तसाच ठेवलेला असेल तर गंज बहुतेक वेळा तिथूनच धरतो.

316 असलं तरी समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवूनच पिशवीत टाका.