दोन दिवसांत कोकणातलं वाळवंट: राजापूरचा सडा की केळशीची वाळू?

वाळवंट बघायचं तर जैसलमेर गाठावं, हे खरंच. पण शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी यायचं असेल, तर तो बेत सुट्ट्या साठवून करायचा. एक गाडी, एक मित्र, एक मुक्काम आणि नजर जाईल तिथवर उघडा मुलूख, एवढंच हवं असेल तर रत्नागिरीच्या वेशीबाहेर ते मिळतं. वाटा दोन. दक्षिणेला पावस, कशेळी, राजापूरचा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, करत विजयदुर्ग-देवगड. नाहीतर उत्तरेला जयगड, गुहागर, दाभोळ करत केळशी.

वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जमिनीला वाळवंट म्हणणं थोडं अतीच आहे. पण मार्चनंतर सड्यावर उभं राहून बघा. इथला जांभा म्हणजे हजारो-लाखो वर्षं पावसाने धुऊन सिलिका निघून गेलेला आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलेला, भोकाभोकांचा दगड. वर मातीचा जेमतेम थर, त्यामुळे पावसाळ्यात उगवलेलं गवत पाऊस थांबला की वाळतं. आणि पाणी? ते भोकांतून खाली उतरतं आणि उताराला झऱ्यांतून निघून जातं. म्हणून तर जुलैत ओढे दुथडी भरून वाहणाऱ्या वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते.

आता दक्षिणेची वाट. भाट्याचा पूल ओलांडला की पावसपर्यंत आंब्याच्या बागा सोबत असतात, आणि मग हळूहळू सडा सुरू होतो. पूर्णगडाला मुचकुंदीची खाडी ओलांडून वर चढलात की खरी मोकळीक. काळपट-तांबडा कातळ, त्यावर पिवळं गवत, मधूनच चिरेखाणीचा चौकोनी खड्डा आणि त्यातून निघालेला चिऱ्यांचा ट्रक. बाकी काही नाही. ज्याला हे ‘बाकी काही नाही’ हवं आहे, त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

पण या सड्यावर बघण्याजोगं जे आहे ते उभं नाही, आडवं आहे. कातळशिल्पं. कशेळीला जमिनीत कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. बारसूला दोन्ही बाजूंना वाघ आणि मध्ये माणूस. देवाचे गोठणेला एकच मानवाकृती, आणि तिच्यावर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडेच वळते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या रत्नागिरीच्या माणसांनी वर्षानुवर्षं पायपीट करून अशी ठिकाणं उजेडात आणली. 2022 मध्ये कोकण-गोव्यातल्या नऊ ठिकाणांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. वरची तिन्ही त्यात आहेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी सहल तिच्यावर ठरते. रेषा जेमतेम काही बोटं खोल आहेत. भर दुपारी डोक्यावर ऊन असताना त्याच हत्तीच्या बाजूला उभं राहून ‘कुठाय?’ असं विचारणारे लोक असतात. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर ऊन तिरकं झालं की रेषांच्या एका कडेला सावली धरते, आणि मग आधी सोंड, मग पाय, मग पाठ अशी आकृती जमिनीतून सुटी होत जाते. म्हणजे शनिवारी सकाळी कशेळी, दुपारी आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन आणि जेवण, चारनंतर आत राजापूरच्या बाजूला बारसू आणि देवाचे गोठणे. रविवारी किनाऱ्याकडे येऊन जैतापूर, मग वाघोटणची खाडी ओलांडून विजयदुर्ग आणि देवगड. गिर्येला रामेश्वराच्या देवळात उतरायला जांभा कापून केलेली वाट आहे, ती चुकवू नका. दिवसभर ज्या दगडावरून गाडी हाकली, तो तिथे दोन्ही अंगांनी भिंतीसारखा दिसतो.

उत्तरेच्या वाटेला घड्याळ फेरीबोटीचं. जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ अशा दोन फेऱ्या गाडीसकट. बोट चुकली की पुढची येईपर्यंत धक्क्यावर बसायचं, आणि खरं सांगायचं तर मित्र गप्पिष्ट असेल तर तो वेळ वाया जात नाही. पण उघडा मुलूख इथे तुकड्यातुकड्यांत भेटतो: जयगडच्या अलीकडचा सडा, तवसाळ चढून वर आल्यावरचा, मग लगेच हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, म्हणजे नारळी-पोफळीची गर्द सावली. दर तासाला समुद्र, देऊळ, कोकम सरबत. छान आहे, पण वाळवंट नव्हे.

मग ही वाट विचारात घ्यायची कशाला? केळशीसाठी. खाडीच्या मुखाशी तिथे वाळूची भलीमोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी ती जुन्या सुनामीने रचली असावी, अशी मांडणी केली होती. टेकडी बरीच झिजली आहे, थरच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांशी तिची बरोबरी नाही. पण कोकणात ‘वाळूचा डोंगर’ म्हणून बोट दाखवावं असं तेच एक ठिकाण. जाताना हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव सापडला, तर मित्र केळशी विसरेल आणि हर्णै लक्षात ठेवेल.

खाण्याच्या बाबतीत उत्तर उजवी, वाद नाही. गुहागर-दापोली पट्ट्यात जेवणाची सोय शोधावी लागत नाही. राजापूरच्या सड्यावर मात्र खानावळीला सकाळीच फोन करून ‘दोन ताटं’ सांगून ठेवावं लागतं. ऐनवेळी पोहोचलात तर घावन-चटणीवर भागवायची तयारी हवी. पेट्रोल रत्नागिरीतच भरा, पाण्याचे कॅन गाडीत टाका. सड्यावर झाड नसतं म्हणजे खरोखरच नसतं.

बाईकने जाणार असाल तर उत्तर. सावली आणि विसावे जास्त. चारचाकी असेल तर माझं मत दक्षिणेला, तेही जानेवारी-फेब्रुवारीत, गवत पिवळं आणि सकाळ गार असताना. तेव्हा पायमोजे जाड घाला, नाहीतर कुसळं घरी येईपर्यंत टोचतात. आणि त्या गवतात सिगारेट पेटवणारा मित्र सोबत नको: वणवा लागला तर बाजूच्या हापूसच्या बागेपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागत नाही, आणि मोहोर त्याच दिवसांत असतो. सप्टेंबरात हाच सडा फुलांनी भरतो, पण ती सहल वेगळी.

परतताना दोन्हीकडे किनाऱ्याचा रस्ता सोडा. देवगडहून नांदगावला किंवा विजयदुर्गहून तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. केळशीहून दापोली-खेड करून. रविवारी संध्याकाळी दाभोळच्या बोटीसाठी गाड्यांची रांग लागते, म्हणून तिकडून परत खाडी ओलांडायच्या फंदात पडू नका.