दोन कप्प्यांचा वाइन फ्रिज: कॉम्प्रेसर की थर्मोइलेक्ट्रिक?

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात, एसी बंद असला की हॉल सहज ३५ अंशांवर जातो. निवड जवळपास तिथेच ठरते. थर्मोइलेक्ट्रिकमध्ये ना कॉम्प्रेसर, ना गॅस. आतली पेल्टिअर पट्टी एका बाजूने गार, दुसरीकडून गरम होते. आवाज फक्त पंख्याचा, थरथर जवळपास नाहीच. पण हा फ्रिज खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली उतरतो. म्हणजे नाशिकची शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन ८-१० अंशांवर हवी असेल, तर उन्हाळ्यातली दुपार विसराच. थंडाव्याच्या मानाने वीजही जास्त खातो.

कॉम्प्रेसरवाला एक कप्पा ५ अंशांपर्यंत नेतो आणि दुसऱ्यात शिराझसारखी रेड वाइन १६ वर धरून ठेवतो. घुरघुरतो, त्यामुळे बेडरूममध्ये नको. ओट्याखाली बसवायचा तर गरम हवा पुढून सोडणारंच मॉडेल घ्या. मागून सोडणारं कोंडलं की तापतं.

थर्मोइलेक्ट्रिक चोवीस तास एसी चालणाऱ्या खोलीतच शोभतो. (तेवढं बिल भरायची तयारी असेल तर आनंद आहे.) आणि बाटल्या नुसत्या साठवायच्या असतील, तर रेड-व्हाइट दोन्ही १२-१३ अंशांवर सुखाने राहतात, मग दोन कप्पे हवेतच कशाला?