बिल्ड_स्टब्ड, आठ महिन्यांनी: सेव्हला अडवतं, समला सोडतं

मेंटेनन्स बिलाची टेस्ट हिरवीगार आणि आत गणित शून्याचं. फॅक्टरी बॉट ही रुबी ऑन रेल्सच्या टेस्टसाठी नमुना डेटा बनवणारी लायब्ररी; तिचं बिल्ड_स्टब्ड डेटाबेसात काही न लिहिता, जणू सेव्ह झालेला आहे असा खोटा रेकॉर्ड (स्टब) बनवतं. आठ महिन्यांनी त्याबद्दल मोठी तक्रार ही एकच.

मुंबईत सोसायटीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला नियम पाठच असतो: १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशानुसार भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये. टेस्टही तेवढंच तपासते. स्टब केलेल्या बिलाला तीन ओळी जोडल्या: वॉचमन १,५०० रुपये, साफसफाई ६००, ऑडिट ३००. ओळी किती, हे साइझने विचारलं की ३ येतं, बरोबर. पण बेरीज सम(:रक्कम) अशी लिहिली असेल, तर ते मेमरीतल्या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही, थेट डेटाबेसला एसक्यूएल क्वेरी धाडतं. स्टबचा खोटा आयडी १००१पासून सुरू होतो. टेबलात त्या बिलाच्या ओळी कुठून असणार? सेवाशुल्क शून्य, चार्ज शून्य, आणि शून्य काही शून्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त होत नाही. टेस्ट पास! ओळी मोजणाऱ्या काउंटलाही हीच खोड.

चीड याची की सेव्ह किंवा रीलोड म्हटलं तर हेच स्टब डेटाबेसला हात लावू देत नाही, ताबडतोब एरर फेकतं. असोसिएशनमधली, म्हणजे बिलाला जोडलेल्या ओळींवरची, क्वेरी मात्र मागच्या दाराने निघून जाते. युनिकनेस व्हॅलिडेशनचंही (तीच नोंद आधी आहे का, ही तपासणी) तेच.

उपाय दोन. अपेक्षा नेमक्या आकड्यात लिहा: चार्ज २४० रुपयेच. आणि टेस्टमध्ये, रेल्स प्रत्येक क्वेरीला देतं त्या एसक्यूएल.ॲक्टिव्ह_रेकॉर्ड या नोटिफिकेशनवर कान ठेवून, स्कीमाच्या (टेबलांच्या रचनेच्या) क्वेऱ्या वगळून, बाकी कुठलीही दिसली की एरर द्या. समला ब्लॉक दिला तर बेरीज मेमरीतच होते, हे खरं. पण हजारो ओळींवर डेटाबेसची बेरीजच स्वस्त पडते. टेस्टच्या सोयीसाठी चालू कोड बिघडवू नका, तिथे सरळ डेटाबेसात खरा रेकॉर्ड लिहिणारं क्रिएट वापरा.

दिसेल तो क्रिएट बदलून बिल्ड_स्टब्ड करा, हा माझा सुरुवातीचा सल्ला म्हणून मागे घेतला. नावं जुळवणं, तारखा, दंडाचं व्याज, बिलाचा मजकूर एवढ्यांना स्टब झकास. सीआयची (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरची) मिनिटं पैसे देऊन घेतलेली असतात. एका बिलासाठी सोसायटी, विंग, फ्लॅट, सभासद अशा चार इन्सर्ट कशाला? ओळी आफ्टर(:क्रिएट)मध्ये, म्हणजे क्रिएट झाल्यावर, जोडणारी फॅक्टरी (रेकॉर्ड बनवायची कृती) मात्र आधी सुधारा, स्टबमध्ये ते कॉलबॅक चालतच नाही. फॅक्टरी बॉटच्या आवृत्ती ४वर अडकलेल्यांनी सेव्ह न करता रेकॉर्ड बनवणाऱ्या साध्या बिल्डवरही विसंबू नये. तिथे ते असोसिएशन गुपचूप सेव्ह करतं, ५पासून करत नाही.

पोस्टग्रेस हा डेटाबेस बंद ठेवून टेस्ट चालवायचा बेत असेल तर तोही सोडा. कॉलम कोणते हे विचारायला ॲक्टिव्ह रेकॉर्ड (रेल्सचा डेटाबेसशी बोलणारा भाग) टेबलाकडेच जातं.