अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा पहिला कागद: जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्सची वेबसाइट

माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून झाली. जमिनीचा कागद कुठलाही असो, हातात आला की वाचून काढल्याशिवाय चैन पडत नाही. लेक नेब्रास्कात दिली आहे. जावयाचं घराणं शेतकऱ्याचं, मूळचं जर्मनीतल्या वुर्टेंबर्गचं. व्याह्यांनी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आणि जमिनीची बाजू माझ्याकडे सोपवली. एका साइटने पहिल्याच पानावर कार्ड नंबर मागितला, ती तिथेच बंद केली. जनरल लँड ऑफिस, म्हणजे सरकारी जमिनी वाटणारं तिथलं जुनं खातं, त्याच्या नोंदींची अमेरिकन सरकारची ही साइट मात्र फुकट आहे आणि तिच्यावर मी बेहद्द खूश आहे.

राज्य, काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा), आडनाव टाकायचं. सरकारने ज्याच्या नावे जमीन पहिल्यांदा करून दिली त्याची सनद समोर येते, मूळ पानाच्या चित्रासकट. आमची 1884 सालची निघाली. छापील मजकूर, मोकळ्या जागा टाकाच्या वळणदार अक्षराने भरलेल्या: सेक्शन 14 चा नैर्ऋत्येकडचा पाव भाग, 160 एकर. चतुःसीमेत ना ओढा, ना बांध, ना शेजाऱ्याचं नाव. तिकडे आधी मोजणी झाली, मग वाटप. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, सेक्शन 640 एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यात सुरू होतात आणि नांगराच्या तासासारखे एकदा पश्चिमेकडे, एकदा पूर्वेकडे वळत खाली येतात. साइटवरच्या नकाशात तो तुकडा आजच्या रस्त्यांवर दिसतो. व्याह्यांच्या मक्याच्या रानाचे दक्षिणेचे आणि पश्चिमेचे रस्ते अजून त्याच मोजणीच्या रेषेवर आहेत. हे पाहून मी कितीतरी वेळ स्क्रीनसमोरून उठलो नाही.

वुर्टेंबर्गात जमीन सगळ्या मुलांत वाटायची रीत होती, त्यामुळे दर पिढीला तुकडे लहान होत गेले. आपल्याकडे 1947 साली तुकडेबंदीचा कायदा का करावा लागला हे ज्याने वाटण्यांच्या नोंदी घातल्यात, त्याला त्या पोरांची अडचण वेगळी सांगायला नको. अशा माणसाला 160 एकर, म्हणजे 6400 गुंठे! 1862 च्या होमस्टेड कायद्याने थोड्या फीवर ते मिळत. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि तसा पुरावा द्यायचा. अर्ज करताना नागरिक असायलाच हवं असं नव्हतं, नागरिक होण्याचा इरादा नोंदवला तरी चाले. म्हणून सनदेचं साल हे माणूस तिथे आल्याचं साल धरू नका, बरंच मागे जा.

व्याह्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, की सनदेवर राष्ट्राध्यक्षांनी स्वहस्ते सही केली. नाव आहे खरं चेस्टर आर्थर यांचं, पण सही त्यांच्या वतीने सचिवाची. 1833 नंतर तीच पद्धत होती. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा व्याही जरा हिरमुसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सहीचा भाग मोठा करून छापून भिंतीवर लावला.

बायको-मुलं, घराची लांबी-रुंदी, नांगराखाली आणलेलं रान हे सनदेत सापडणार नाही. त्यासाठी नॅशनल अर्काइव्हजमधली होमस्टेडची फाइल काढावी लागते. सनदेवरचा क्रमांक तिथे कामी येतो. पूर्वजाने रेल्वे कंपनीकडून जमीन घेतली असेल तर सनद कंपनीच्या नावे निघेल, मग काउंटीतली खरेदीखतं बघा. टेक्सासमध्ये जर्मन शेतकरी पुष्कळ, पण तिथली सरकारी जमीन राज्याने स्वतःकडेच ठेवली होती, तेव्हा ती नावं या साइटवर शोधू नका. आडनाव मात्र दोन-तीन स्पेलिंगांनी टाकून बघा, कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असतं. आणि शेजारच्या सेक्शनच्या सनदाही उघडा. आमच्या चौकोनाभोवती मला एकामागून एक जर्मन आडनावं मिळाली, त्यातली एक सनद विधवेच्या नावे होती. आता व्याही त्या बाईचे वारस शोधतायत.